वासांची हजेरी

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
२० जुलै २०२५

मालनआत्या,

पत्राची सुरुवात साष्टांग नमस्काराने करायची असते, असं बाबा आत्ताच ओरडून सांगून गेले. तर तो पोचला असं समज. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझ्या वाडीत मेसेज जात नाही, म्हणून मी आत्याला पोस्टाने पत्र लिहिते, असं मी श्रुतिकाला सांगितलं. तिला वाटलं मी थापा मारतेय.

श्रुतिका म्हणजे लॅबमध्ये माझ्या बाजूला उभी राहणारी, घाटकोपरची. केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही मोजकीच मुलं उरलोय, त्यामुळे मुलुंडचं आमचं डिपार्टमेंट एका बिऱ्हाडासारखं चालतं. उत्तरा मॅडम हेड आहेत. कोण नाश्ता न करता आलंय हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं, आणि मग प्रॅक्टिकल सोडून आधी खाली कॅन्टीनला पिटाळतात. विद्याधर सर ऑरगॅनिक शिकवतात. काच फुटली तर रागावत नाहीत, पण चुकीचं निरीक्षण लिहिलं तर दिवसभर बोलत नाहीत. तर सर माझ्याशी आठवडाभर बोलत नाहीयेत.

करोनात माझा वास गेला तो परत आलाच नाही, हे फक्त तुला माहीत आहे. बाबांना वाटतं आला. डिपार्टमेंटला मी सांगितलेलं नाही. आमच्या विषयात नाकाचं काम असतं. कुठला वायू सुटला, कुठलं संयुग तयार झालं, हे पुष्कळदा वासावरून लिहायचं असतं. श्रुतिका मला हळूच सांगते, व्हिनेगर, सडकं अंडं, केळं, आणि मी लिहिते. एक अमोनिया तेवढा मी स्वतः ओळखते, कारण तो नाकाला नाही तरी डोळ्यांना झोंबतो.

आता खरी गोष्ट. अनोळखी पावडर ओळखायची होती. तिच्यात मिथेनॉल आणि तीव्र आम्लाचे थेंब टाकून गरम करायचं आणि सोड्याच्या पाण्यात ओतायचं. सॅलिसिलिक ॲसिड असेल तर डोकेदुखीच्या बामाचा वास येतो. मी ओतलं आणि आत्या, मला वास आला. चार वर्षांत पहिल्यांदा. बामाचा, आणि त्याच्या खाली थोडा तुपकट. मी श्रुतिकाला विचारलंसुद्धा नाही. सॅलिसिलिक लिहून मोकळी झाले. ते बेंझॉइक निघालं. सर म्हणाले, "सॅलिसिलिकला फेरिक क्लोराइडने जांभळा रंग येतो. तुझ्याकडे आला नाही. डोळ्यांपेक्षा नाकावर एवढा विश्वास?"

त्यांचं खरं होतं. तिथे बाम नव्हताच. पण मला वास आला, आणि तेव्हापासून येतोय. बहुतेक त्याच टेबलापाशी, मान खाली घालून काही ओतत असले की मागून कोणी येऊन उभं राहिल्यासारखा. वळून बघितलं तर कोणी नसतं.

तो आईचा वास आहे. मला ताप होता तेव्हा ती माझ्या कपाळाला बाम चोळत बसली होती ना. तोंडावर ओढणी गच्च बांधलेली, नुसते डोळे दिसत होते, आणि तेही मला धड दिसत नव्हते. मी आई, आई करत होते, ती काही बोलत नव्हती, नुसता हात फिरवत होती. दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही आणि कसलाच वास घेतला नाही.

ती मला शोधत लॅबपर्यंत आली असेल का? हसू नकोस.

तुझी
अक्षता


खालची वाडी, ता. कणकवली
२ ऑगस्ट २०२५

चि. अक्षतास, मालनआत्याचे आशीर्वाद.

नमस्कार पोचला, थोडा चुरगळलेला होता. पोस्टमन पत्र पडवीत टाकून हाका मारतो आणि मी बाहेर आले नाही म्हणून चिडतो. गावभर म्हणतो म्हातारीला गुर्मी आहे. त्याला एकदा सांगितलं, "बाबा रे, माका आयकाक येना नाय." तर तेही तो मोठ्याने विचारतो, काय म्हणालात?

हसले नाही हो बाय. पत्र दोनदा वाचलं. तुपकट म्हणजे कसा वास ते मला नीट लिही. आणि नुसता लॅबमध्येच येतो की घरीही येतो तेही लिही.

नाकाचं डिपार्टमेंटला सांगून टाक. तुझ्या उत्तरा मॅडम नाश्ता विचारतात म्हणजे माणूस बरं दिसतं. मी बालवाडीत पोरं सांभाळली आहेत. काय होतंय ते जे पोर सांगत नाही, तेच शेवटी वर्गात ओकतं.

माझ्याकडे पाऊस, चिखल आणि काकड्या भरपूर. फणसाची साटं तुझ्या बापाबरोबर, राजेशबरोबर पाठवीन. तो गणपतीला येतो म्हणाला आहे. इतक्या वर्षांनी. तू येत नाहीस, अभ्यास आहे, ते समजलं. बरं आहे, मला त्याच्याशी बोलायचंच होतं.

डोक्याला तेल लावत जा.

तुझी
आत्या


विक्रोळी
२४ ऑगस्ट २०२५

आत्या,

तू म्हणालीस तेच झालं, मी वर्गात ओकले. खरोखरचं नाही, पण जवळजवळ तसंच.

गेल्या आठवड्यात कोणाच्या तरी बर्नरची नळी निसटली होती. गॅस लॅबभर पसरला. सगळ्यांच्या नाकात गेला, सगळे खिडक्यांकडे पळाले. माझी पाठ होती, आणि मला त्या वेळी बामाचा वास येत होता. मी शांतपणे लायटर उचलला. श्रुतिकाने माझ्या हातावर असा फटका मारला की लायटर पलीकडच्या बेसिनमध्ये जाऊन पडला. नंतर ती रडायला लागली आणि रडता रडता मॅडमना सगळं सांगून मोकळी झाली, हिला वास येत नाही, पहिल्या वर्षापासून येत नाही, मीच सांगत आले.

मला वाटलं संपलं. मॅडमनी त्यांच्या खोलीत बसवलं, चहा मागवला. विचारलं, "ह्यात काय घातलंय?" मी म्हटलं साखर. त्या म्हणाल्या, "आलं आणि गवती चहा." मग विद्याधर सर आले, आणि मला वाटलं होतं तसं काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, "त्या दिवशी मी तुझ्याशी उगाच अबोला धरला."

मग त्यांनी ठरवलं. नाकाला शिकवता येतं म्हणे. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, रोज घ्यायचं, तोच वास मनात आठवत घ्यायचा. पुष्कळांचं परत येतं. तोपर्यंत मी एकटीने बर्नर पेटवायचा नाही, श्रुतिका सोबत असेल. आणि परत नाहीच आलं, तर मॅडम म्हणाल्या, नाकाशिवाय केमिस्ट्री करणारी माणसं असतात, आपण तुला तसं शिकवू, पण आधी प्रयत्न करू. एवढं सगळं माझ्यासाठी. मी रडले, ते खोटं नव्हतं.

पण आत्या, मॅडमनी आणखी एक सांगितलं. नसलेला वास येतो तो नाकाचा आजारच. खरे वास परत यायला लागले की हा खोटा वास बहुतेक जातो.

खोटा, म्हणाल्या. त्यांना माहीत नाही ना तो कोणाचा आहे.

आता मी काय करू सांग. प्रयत्न केला तर आई जाते. नाही केला तर मी लॅबमध्ये धोका बनून राहणार, आणि कधीतरी श्रुतिकाचा फटका पोचायला उशीर होईल. बाहेरच्या खोलीत आईची पार्लरची खुर्ची आणि आरसा अजून चादरीखाली आहे. बाबा त्याला हात लावत नाहीत आणि मला लावू देत नाहीत. त्या चादरीशिवाय माझ्याकडे तिचा हा वास एवढाच आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. तुपकट म्हणजे हाताला तेल असल्यासारखा. घरी क्वचित येतो. तू का विचारलंस?

अक्षता


खालची वाडी
७ सप्टेंबर २०२५

चि. अक्षता,

आशीर्वाद.

लायटरचं वाचलं. श्रुतिकाला माझ्याकडून एक साट जास्त दे. राजेशजवळ दिली आहेत, त्याने वाटेत खाल्ली नसतील तर.

राजेश आला, दीड दिवस राहिला, आरतीला मागे उभा राहिला. आमचं बोलणं झालं. ऐकू येत नसलं तरी भांडता येतं, तुझा बाप तोंड वाकडं करून बोलतो ते मला लहानपणापासून वाचता येतं. कशावरून भांडलो ते विचारू नकोस. त्याचं म्हणणं एक होतं, माझं एक होतं. शेवटी तो म्हणाला, "ताई, तिच्याकडे जे आहे ते राहू दे." मी गप्प बसले. तो माझा धाकटा भाऊ आहे, आणि त्याची बायको गेली आहे.

पण तुला एक सांगते आणि हे मी स्वतःच्या अकलेने सांगते आहे. नाकाचं जे काय शिकायचं ते शिक. रोज. माणूस गेलं की त्याचं काहीतरी धरून ठेवावंसं वाटतं, मला का कळत नाही? पण पेटत्या गॅससमोर उभी राहून धरून ठेवण्यासारखं ते नाही. तुझ्या आईला विचारलं असतंस तर तिने तुझ्या कानाखाली वाजवली असती.

का विचारलं म्हणतेस. असंच. म्हातारपणी चौकशा वाढतात.

आत्या


विक्रोळी
१२ ऑक्टोबर २०२५

आत्या,

शिकतेय. तुझ्या कानाखाली वाजवण्याला घाबरून.

मॅडमनी त्याची गंमतच करून टाकली. दर शनिवारी प्रॅक्टिकल संपलं की सगळे स्टाफरूममध्ये जमतात. मॅडम हजेरीपट उघडतात आणि नाव पुकारतात. ज्याचं नाव, त्याने 'हजर' म्हणायचं नाही. घरून स्वयंपाकघरातली एक वस्तू झाकणाच्या बाटलीत घालून आणायची आणि माझ्या नाकाखाली धरायची. मी डोळे मिटून ओळखायचं. ओळखलं की तो हजर, नाही ओळखलं की गैरहजर. लॅबमधलं काही आणायचं नाही, हा सरांचा कडक नियम. पहिल्या दोन शनिवारी अख्खा वर्ग गैरहजर होता. मुलं तरीही पुन्हा आणायची. माहुलहून येणारा नितेश सुकट घेऊन आला, स्टाफरूम रिकामी झाली, आणि मी एकटी तिथे शांत बसलेली. सगळे हसून मेले. मीही हसले, पण घरी आल्यावर वाईट वाटलं.

तिसऱ्या शनिवारी श्रुतिकाने बाटली धरली आणि मला काहीतरी आलं. काय ते कळेना, पण काहीतरी होतं, अंधारात कोणी दार किलकिलं केल्यासारखं. मी म्हटलं, लवंग? मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "श्रुतिका हजर." सरांनी चष्मा पुसला. आता लिंबू येतं, हिंग येतो, कॉफी थोडी जळकी येते. काल नितेश हजर झाला. सुकट इतकी भयंकर असते हे मी विसरले होते.

आणि आई कमी येते.

पहिल्यांदा वाटलं आपला भास. आता नक्की सांगते, बामाचा वास पातळ होत चाललाय. मी लॅबमध्ये मुद्दाम त्या टेबलापाशी उभी राहते, मान खाली घालते, ओतायला काही नसलं तरी पाणी ओतते. कधी येतो, कधी नाही. प्रत्येक शनिवारी वर्गातलं एक जण हजर होतं, आणि ती एकेक दिवस गैरहजर. असं वाटतं मीच तिला बाहेर काढतेय, सगळ्यांच्या मदतीने, टाळ्या वाजवत.

हे मी मॅडमना सांगू शकत नाही, त्या इतक्या आनंदात आहेत. म्हणून तुला.

बाकी ठीक. काचेची भांडी धुऊन धुऊन बोटांना भेगा पडल्यात, मीठ लागलं की जीव जातो. दिवाळीला तू येशील का? येणार नाहीस, माहीत आहे.

अक्षता


खालची वाडी
१६ ऑक्टोबर २०२५

चि. अक्षता,

शेजारचा अनिरुद्ध उद्या मुंबईला निघतोय, त्याच्या हाती हे गाठोडं देते. गडबडीत लिहिते आहे. तांदळाचं पीठ, कुळीथ, आमसुलं. साध्या डबीत भेगांचं औषध आहे, रोज आंघोळीनंतर बोटांना चोळ, मी तेच वापरते, चार दिवसांत फरक पडेल. लवंग आली हे वाचून फार बरं वाटलं. शेजारणीला पत्र वाचून दाखवलं.

दिवाळीचे आशीर्वाद. राजेशला एक पणती त्या आरशापाशी लावायला सांग.

आत्या


विक्रोळी
२६ ऑक्टोबर २०२५

आत्या,

डबी उघडली.

आत काय आहे ते आता मला कळतं, मला तुझ्यामुळे आणि वर्गामुळे नाक आहे. बाम आणि कोकमाचं तेल. बामाच्या खाली तुपकट.

मी ती डबी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून बसून राहिले. पहिल्यांदा वाटलं, तू आईची डबी जपून ठेवली होतीस आणि मला पाठवलीस. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. 'मी तेच वापरते.' बाबांना विचारलं, आई बामात कोकमाचं तेल मिसळायची का? ते चप्पल घालून खाली निघून गेले.

ती तू होतीस ना?

तोंडाला ओढणी बांधलेली, न बोलणारी. बोलत नव्हतीस कारण तुला ऐकूच येत नव्हतं. मी आई म्हणत होते आणि तुला ऐकू येत नव्हतं.

मग आई कुठे होती? आणि चार वर्षं मी कोणाच्या वासाला आई म्हणत होते? तुम्ही दोघांनी मला म्हणू दिलं. मी पत्रात पानभर लिहिलं, ती मला शोधत आली असेल का, आणि तू विचारलंस तुपकट म्हणजे कसा. तुला तेव्हाच कळलं होतं.

माझ्याकडे तिचं एक होतं. तेही तिचं नव्हतं.

अक्षता


खालची वाडी
९ नोव्हेंबर २०२५

अक्षता,

मी होते.

तुझ्या बापाला मी लिहून कळवलं की आता मी लपवणार नाही, त्याला काय रागवायचं ते रागवू दे. तुला सगळं सांगते, जसं झालं तसं.

कानाच्या मशीनसाठी मी तेव्हा तुमच्याकडे आले होते आणि सगळं बंद झाल्यामुळे अडकले. शुभाला, तुझ्या आईला, दम लागायला लागला त्या दुपारी तिला न्यायला गाडी आली. तू तापाने निपचित होतीस. राजेश तिच्याबरोबर गेला. घरात आपण दोघी. बाम लावला तो तू आदला दिवस समजतेस, ती त्याच दिवसाची संध्याकाळ होती, आणि आई तेव्हा घरात नव्हती. तू बरी झाल्यावर विचारलंस, आई कधी गेली? राजेश म्हणाला, तू झोपली होतीस तेव्हा. ते खोटं नव्हतं. पुढचं तू आपलं जुळवलंस, आणि ते मोडायचा धीर आम्हा दोघांना झाला नाही. तू सांगायचीस, आईने मला बाम लावला होता, आणि तुझा चेहरा थोडा सुटायचा. कोण मोडणार ते?

तुला वाटतं मला ऐकू आलं नाही. कानांनी नाही आलं. पण तुझे ओठ माझ्यासमोर होते. 'आई' हा शब्द ओठांवरून कळायला कान लागत नाहीत. मी बालवाडीत जन्म काढला. मला प्रत्येक वेळी कळत होतं. मी ओढणी काढून सांगू शकले असते, मी आत्या आहे गो. नाही सांगितलं. तू हाक मारायचीस आणि मी हात फिरवायचे. मला स्वतःचं मूल नाही. ती हाक माझ्यासाठी नव्हती हे ठाऊक असून मी ती घेतली. त्याबद्दल रागवायचं असेल तर रागव, पण मला त्याचा पश्चात्ताप होत नाही. त्या वेळी तुला आई हवी होती, आणि घरात मी होते.

आता ती कुठे होती ते ऐक. गाडीची माणसं घाई करत होती. ती तुझ्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली. आत येण्याचं बळ नव्हतं, चौकट धरून उभी होती. तुझ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला, असा, डावीकडून उजवीकडे, आणि तुझ्याकडे बोट केलं. माझे कान गेल्यापासून माझ्याशी ती खुणांनीच बोलायची, इतर माणसांसारखी ओरडायची नाही. मी मान हलवली. मग ती गेली. मी माझी डबी शोधली आणि बसले. तिने सांगितलं तेच केलं.

डबी पाठवताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. की आलं होतं, कोण जाणे. राजेशला कबूल केलं होतं गप्प बसेन म्हणून. हाताने काही कबूल केलं नव्हतं.

तू म्हणतेस तुझ्याकडे तिचा वास नाही. तुला तो कधी आलाच नाही बाय, कारण तू त्यातच वाढलीस. बाहेरच्या खोलीत पार्लर. केसांचे रंग, तोंडाला लावायचं ते ब्लीच. मी गावाहून आले की दारातच नाकाला पदर लावायची. तू तान्ही होतीस, तिने उचललं की डोळे चोळून रडायचीस. मी म्हणायचे, अगो आधी हात धू. ती म्हणायची, "धुतले हो वन्सं, जात नाही." मग लांब हात करून तुला धरायची, तुझ्या डोळ्यांत झोंबू नये म्हणून. तिच्या केसांना, बोटांना, साडीला तो उग्र वास. बाम तिने कधी लावला नाही, तिला आवडत नसे.

त्या वासाला काय म्हणतात मला ठाऊक नाही. एवढ्या बाटल्या आहेत तुमच्याकडे, कुठल्यातरी बाटलीत असेल.

आत्या


खालची वाडी
१८ जानेवारी २०२६

चि. अक्षता,

उत्तर नाही. पोस्टमन आला की मी आता आधीच पडवीत जाऊन बसते, त्यामुळे त्याची आणि माझी दोस्ती झाली आहे. तीळगूळ पाठवते. गोड बोल म्हणत नाही, नुसतं बोल.

आत्या


विक्रोळी
८ मार्च २०२६

आत्या,

तीळगूळ तेव्हाच संपला. लिहायला बसायची आणि उठायची. रागावले होते, ते खोटं कशाला सांगू. तुझ्यावर, बाबांवर, आणि सगळ्यात जास्त त्या टेबलावर. बामाचा वास नोव्हेंबरपासून आलेला नाही. गेला. नाक परत आलं, मॅडमनी हजेरीपटावर शेवटच्या शनिवारी सगळ्यांच्या नावापुढे हजर लिहिलं, आणि तळाला माझं नाव घालून माझ्यापुढेही. सगळे खूश. मी त्या टेबलापाशी उभी राहून अजून मागे वळून बघते. कोणी नसतं, आणि आता वासही नसतो. पूर्वी भीती वाटायची, आता नुसतं रिकामं वाटतं.

तुझं पत्र वाचल्यावर मी बाहेरच्या खोलीतल्या खणांत शोधलं. खण धुऊन पुसून रिकामे. बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "सगळं मी टाकलं. घरभर तिचा वास यायचा, मला झोप लागेना." मला कळलंच नव्हतं आत्या. त्यांना येत होता, महिनोन् महिने, आणि मी त्याच घरात होते, नाक बंद.

लॅबच्या बाटल्यांत मात्र शोधलं नाही. घाबरले. वाटलं, उघडेन आणि काहीच ओळखीचं नसेल.

परवा वर्षाची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आल्या होत्या. अनोळखी पावडर, नेहमीसारखी. मी कॉस्टिक सोडा घालून नळी गरम केली. वायू सुटला, डोळ्यांत झोंबला. हा तर माझा जुना ओळखीचा, नाक नव्हतं तेव्हाही मी एकटीने ओळखायचे तो, अमोनिया. इतकी वर्षं मला तो फक्त झोंबायचा, त्याला वास असतो हेच मी विसरले होते. नाक आल्यानंतर तो पुन्हा वाट्याला आला नव्हता. मी शिकवल्याप्रमाणे हाताने हलकेच थोडी हवा नाकाकडे ओढली.

आणि आत्या, बाहेरची खोली आली. खुर्ची, आरसा, रंगाची वाटी, ब्रश. शाळेतून आल्यावर दार उघडणारे हात, माझ्या वेण्या घट्ट ओढणारी बोटं, लांब धरलेले हात. केसांच्या रंगात असतो तो, ब्लीचमध्येही. मी तर परीक्षेत लिहिलेलं आहे कधीतरी, अमोनियाचे उपयोग.

लॅबमध्ये मी तो कितीदा काढला होता. पहिल्या वर्षापासून. ती तिथेच होती, आणि माझे डोळे भरून यायचे, आणि मी वहीत लिहायचे, उग्र वास, डोळ्यांतून पाणी.

परीक्षक थांबल्या. म्हणाल्या, "रडतेस का ग? पेपर अवघड गेला?"

मी म्हटलं, "नाही मॅडम, अमोनिया."

श्रुतिकाने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असावं काहीतरी, कारण तिने माझा बर्नर बारीक केला. जास्त वेळ हुंगू नये असा नियम आहे. मी नळी खाली ठेवली. मग पुन्हा उचलून एकदाच, थोडा जास्त वेळ धरली.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते आतून बाहेरच्या खोलीत आले, चादर काढून घडी घातली आणि खुर्चीवर बसले. आरशात बघत बसले. मी त्यांच्या मागे उभी राहिले. आरशात आम्ही दोघंच होतो.

त्या संध्याकाळी तू ती हाक घेतलीस ते बरं केलंस. नाहीतर ती कोणी घेतली असती?

मे महिन्यात येते. बोटांच्या भेगा भरल्या, पण डबी तळाला आली आहे. नवी करून ठेव.

तुझी
अक्षता